मिटलेल्या तोंडाचा मासा

शहाद्याच्या कॉलेजात, मागल्या खोलीत,
मी दगडातून मासा काढतो.
आजोबा जाळ्यानं काढायचे, प्रकाश्याला, तापीत.
माझ्याकडं पोलादी सुई, दाढीचा जुना ब्रश,
आणि एक दिवा, मान मुरगळलेला.

पाच महिन्यांत निघालं ते एवढं:
डोळ्याची खाच,
मणके चोवीस,
शेपटीचे काटे, केरसुणी झिजावी तसे,
आणि पोटाच्या जागी
दुसऱ्या बारक्या माशाचा कणा.
घास गिळला, आणि मग चिखल झाला सगळा.

पाडवी मॅडम म्हणतात, हा दगड लांबच्या वाळवंटातला.
तिथं समुद्र होता साडेपाच कोटी वर्षांमागं
आणि त्या समुद्राला ताप चढलेला.
पस्तीस अंश.
ध्रुवाकडं बर्फ नाही, झाडं.
सगळ्यांचा हिशोब असा होता
की मधल्या पट्ट्यात पाणी एवढं तापल्यावर
मासे तिथं नसणारच.
या एका फरशीत मी अकरा मोजले.
एक चपटा, ताटलीएवढा,
एक सुरीसारखा लांब,
आणि एक तर थेट बाजारात वजनाला टाकावा असा.
भरलेला समुद्र, मॅडम म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या बराच वेळ.

बाहेर मे. पंचेचाळीस.
पंखा गरम हवा इकडची तिकडं करतो.

दुपारी माय आली, डबा घेऊन,
बॅरेजवरून, टोपलं बाहेर नळापाशी ठेवून.
हात पदराला पुसले, तरी खवले चमकत होते मनगटावर.
फरशीपुढं उकिडवी बसली
गिऱ्हाइकानं बसावं तशी.
आधी वास घेतला. मला हसू आलं.
मग बोट फिरवलं, न टेकवता,
डोक्यापासून शेपटीपर्यंत.

"हाऊ उनमा नही मरना."

मॅडम उठून आल्या.

"उनना मासानं तोंड उघडं ऱ्हास.
कल्ले फाकेल, पाठ वाकेल.
यानं तोंड मिटेल शे.
हाऊ खाईपिईसन मरना."

मला आठवलं, गेल्या साली
बॅरेजचं पाणी उतरलं तेव्हाची पहाट.
काठाला पांढरी रांग, कतला, मरळ, चिलापी,
सगळ्यांची तोंडं वर, गोल,
जणू एकच अक्षर म्हणता म्हणता थांबलेली.
मायनं एकही उचलला नव्हता.
विकाले नही, म्हणाली होती, आणि आठ दिवस घरीच बसली.

मॅडमनी वहीत लिहिलं: तोंड मिटलेलं.
मग विचारलं, तुमचं नाव पूर्ण सांगा.
झेलाबाई भिका वाडीले.
तेही लिहिलं, खाली, शाईनं.

डबा उघडला. कळण्याची भाकर, ठेचा.
खाता खाता मायनं विचारलं,
त्या पानीले तपाले कितला दिन लागनात?
दिवस नाही, मॅडम म्हणाल्या, काही हजार वर्षं.
हळूहळू. माशांना पिढ्या मिळाल्या,
कोणी सरकले, कोणी सोसायला शिकले,
आणि कोणी गेलेही असतील,
पण तो दगड आपल्याकडं नाही.

माय चावायची थांबली.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली,
तिसऱ्या पेरावर थांबली.
मंग, म्हणाली.
पुढं काही म्हणाली नाही.

टोपल्यातला बर्फ संपत आला होता.
ती निघाली, अर्ध्या किलोचा गिऱ्हाईक नाक्यावर थांबलेला.
नळाखाली ओली गोल खूण राहिली टोपल्याची,
बघता बघता वाळली.

मी परत सुई घेतली.
बारक्याच्या डोक्याचा भाग अजून दगडातच आहे,
त्याचं तोंड कसं होतं ते कळायला
अजून दोन महिने लागतील.
दिवा फार जवळ होता,
फरशी कोमट लागली हाताला.
मी तो थोडा लांब सरकवला.